सौरबोटीने अटलांटिक ओलांडताना: विजेचा जमाखर्च, बोटीची बांधणी आणि मार्गाची आखणी

केवळ सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या बोटीने महासागर ओलांडता येतो का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. जपानचे दर्यावर्दी केनिची होरिए १९९६ मध्ये पुनर्वापर केलेल्या अॅल्युमिनियमच्या सौरबोटीतून इक्वेडोरमधील सालिनासहून एकटे निघाले आणि चार महिन्यांहून अधिक काळ प्रशांत महासागरावर काढून जपानला पोहोचले. 'सन-२१' ही १४ मीटर लांबीची स्विस जुळी (दोन तळांची) बोट पाच जणांना घेऊन २ फेब्रुवारी २००७ रोजी कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटाला लागली, आणि मोटारीवर चालणाऱ्या सौरबोटीने अटलांटिक ओलांडल्याची ती पहिली नोंद ठरली. त्यानंतर 'तुरानोर प्लॅनेटसोलर' ही ३१ मीटरची अजस्र बोट २७ सप्टेंबर २०१० रोजी मोनॅकोहून निघून, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून ४ मे २०१२ रोजी तिथेच परतली. आता प्रश्न उरतो तो असा प्रवास नीट आणि सुरक्षितपणे कसा करावा, एवढाच.

हे मार्गदर्शन १२ ते १५ मीटर लांबीच्या, तीन ते पाच माणसांच्या बोटीसाठी आहे. मार्ग पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील कॅनरी बेटे किंवा केप व्हर्दे बेटांपासून मार्टिनिकपर्यंतचा धरला आहे. वाचकाला किनाऱ्यालगतच्या नौकानयनाचा अनुभव आहे आणि नकाशा, होकायंत्र व हवामानाचे अंदाज वाचता येतात, असे गृहीत धरले आहे. ज्यांना हा अनुभव नाही, त्यांनी तो आधी शिडाच्या किंवा डिझेलच्या बोटीवर मिळवावा, कारण सौरबोट चुका झाकायला जादा ताकद देत नाही.

आधी हिशेब, मग बोट

नवखा माणूस सर्वप्रथम पॅनेलांच्या किलोवॅटची चौकशी करतो. खरे तर बोट किती वीज मिळवते यापेक्षा ती किती कमी विजेत पुढे सरकते, यावर सगळा प्रवास ठरतो. पाण्यातून बोट पुढे ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर शक्ती आठपट लागते. तेच अंतर निम्म्या वेळात कापले जात असल्यामुळे प्रत्येक मैलामागची वीज चौपट होते. हा एक नियम मनात पक्का बसला की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचू लागतात.

उदाहरणासाठी अशी बोट घेऊ, जिला शांत पाण्यात ४ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वेगासाठी २ किलोवॅट लागतात. तिला ५ नॉटसाठी सुमारे ३.९ आणि ६ नॉटसाठी सुमारे ६.७५ किलोवॅट लागतील. छतावर १० किलोवॅटची पॅनेले आडवी बसवली आहेत असे धरले, तर जानेवारीत उष्णकटिबंधातील बऱ्यापैकी स्वच्छ आकाशाखाली, उष्णता, मीठ, सावली आणि तारांमधील घट वजा जाता दिवसाला ४० ते ४५ युनिट वीज हाती येते. आपण ४२ युनिट धरू. स्वयंचलित सुकाणू, रेडिओ, दिवे, फ्रीज, स्वयंपाक आणि पाणी गोडे करण्याचे यंत्र यांवर ७ युनिट खर्च होतील. मोटारींसाठी उरली ३५ युनिट. ती चोवीस तासांवर सारखी वाटली, तर सरासरी दीड किलोवॅटहून किंचित कमी शक्ती मिळते, आणि तेवढ्यात ही बोट सुमारे ३.६ नॉटने, म्हणजे दिवसाला ८६ सागरी मैल चालते. कॅनरी बेटांवरील लास पाल्मास बंदर ते मार्टिनिक हे सुमारे २७०० सागरी मैलांचे अंतर या वेगाने ३१ दिवसांत कापले जाईल. पाठीमागून अर्ध्या नॉटचा प्रवाह मिळाला, तर जवळपास चार दिवस वाचतील. 'सन-२१'लाही कॅनरी बेटांपासून मार्टिनिकपर्यंत साधारण महिनाच लागला होता, त्यामुळे हा अंदाज हवेतला नाही.

दिवसा भरपूर वीज आहे म्हणून वेगाने जावे आणि रात्री हळू, हा मोह प्रत्येकालाच होतो. वरच्याच बोटीने बारा तास ५ नॉट आणि बारा तास २ नॉट असे ८४ मैल कापले, तर सुमारे ५० युनिट खर्च होतात. तेच ८४ मैल दिवसरात्र एकसारख्या साडेतीन नॉटने कापले, तर ३२ युनिट पुरतात. बॅटरीत वीज भरताना आणि काढताना काही टक्के घट होते. तेवढ्यापुरता दिवसाचा वेग रात्रीपेक्षा थोडा जास्त ठेवणे योग्य आहे, पण त्यापुढे नाही. बॅटरी दुपारीच पूर्ण भरून पॅनेलांची वीज वाया जाऊ लागली, तर मात्र वेग वाढवावा, कारण न वापरलेले ऊन साठवून ठेवता येत नाही.

बोट कशी असावी

दोन अरुंद तळांची जुळी बोट या कामाला सर्वांत योग्य ठरते. लांब आणि सडपातळ तळ पाणी कमी विरोधाने कापतात, आणि दोन्ही तळांवर पसरलेले रुंद छत पॅनेलांना जागा देते. साधारण एक किलोवॅट पॅनेलांना पाच चौरस मीटर जागा लागते. म्हणजे १० किलोवॅटसाठी ५० चौरस मीटरचे सपाट छत हवे, जे १४ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद बोटीवर सामावते. 'प्लॅनेटसोलर'वर ५३७ चौरस मीटर पॅनेले आणि साडेआठ टन लिथियम बॅटऱ्या होत्या. ९३ किलोवॅटच्या त्या पॅनेलांमागे मोटारींचा सरासरी वापर सुमारे २० किलोवॅटचाच होता, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

छत जितके ठेंगणे तितके चांगले. उंच केबिन बंदरात शोभते, पण समोरून वारा आला की तीच वैरीण होते. १५ चौरस मीटरचा दर्शनी भाग असलेल्या बोटीवर समोरून २० नॉटचा वारा आला, तर प्रॉपेलरची घट धरून ३.६ नॉट वेगाने केवळ त्या वाऱ्याला तोंड द्यायला अडीच किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. लाटांचा विरोध यात धरलेलाच नाही. आपल्याकडे दिवसरात्र मिळून सरासरी दीडच किलोवॅट आहे. म्हणजे अशा वाऱ्यात बोट व्यवहारात जागीच थांबते, किंवा बॅटरी रिकामी करून काही तास पुढे सरकते. म्हणून सौरबोट वाऱ्याविरुद्ध जाण्यासाठी नसतेच असे समजून मार्ग आखावा.

वजनाबाबत कठोर राहावे. सोबत नेलेली प्रत्येक वस्तू तळ खोल बुडवते आणि रोजच्या मैलांतून आपला वाटा घेते. तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून निघण्याआधी नवा रंग लावणे हे नवीन पॅनेल विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी आहे.

बोट महाराष्ट्रात किंवा गोव्यात बांधून घेण्याचा विचार असेल, तर कौशल्याची उणीव नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडाची बोट गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. माझगाव डॉकसाठी केरळात तयार झालेली 'बॅराकुडा' ही १२ नॉटहून अधिक वेगाची सौर-विद्युत बोट २०२३ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. मात्र ती बंदरातील कामासाठी, काठावर चार्ज करून वापरण्याची बोट आहे. तिच्यासारखी वेगवान रचना महासागरासाठी उचलू नये.

पॅनेले, बॅटऱ्या आणि तारा

घराच्या गच्चीवरच्या पॅनेलांना दक्षिणेकडे कल देतात, पण बोटीवर ती आडवीच ठेवावीत. डोलणाऱ्या बोटीवर कल देण्याचा फायदा फारसा हाती लागत नाही, आणि उभी केलेली पॅनेले वाऱ्याला शिडासारखी सापडतात. पॅनेलांखाली हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटरची फट जरूर ठेवावी, कारण तापमान वाढले की त्यांचे उत्पादन घटते. छतावर थेट चिकटवलेली लवचिक पॅनेले हलकी असतात, पण ती जास्त तापतात आणि लवकर खराब होतात. वजनाचा फरक परवडत असेल, तर काचेचीच घ्यावीत.

सावली हा सौरबोटीचा छुपा शत्रू आहे. रेडिओच्या अँटेनाची करंगळीएवढ्या रुंदीची सावलीदेखील एका साखळीत जोडलेल्या सर्व पॅनेलांचे उत्पादन ओढून खाली आणते. म्हणून पॅनेलांचे लहान गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर (पॅनेलांची वीज बॅटरीत नीट भरणारे यंत्र) द्यावा. मार्ग पश्चिमेचा असल्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून आणि संध्याकाळी समोरून येते, तर हिवाळ्यात दुपारी ते डावीकडून, म्हणजे दक्षिणेकडून येते. अँटेना, रडार आणि दिव्यांचा खांब त्यामुळे उजव्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडच्या कडेला ठेवला, तर त्याची दुपारची सावली पाण्यावर पडते.

बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार निवडावा. तो इतर लिथियम प्रकारांपेक्षा जड असला, तरी तापून पेट घेण्याची शक्यता त्यात बरीच कमी असते, आणि किनाऱ्यापासून हजार मैलांवर एवढे कारण पुरेसे आहे. किती बॅटरी हवी, याचा अंदाज असा करावा. उपयोगी ऊन सकाळी आठपासून चारपर्यंत मिळते असे धरले, तर उरलेल्या वेळेत मोटारींना सुमारे २३ आणि इतर उपकरणांना ४ युनिट लागतात. ६० युनिटांची बॅटरी असेल आणि तिच्यातील ८० टक्केच वापरायची असेल, तर रात्र काढून २० युनिटांहून अधिक शिल्लक राहतात. दाट ढगांच्या दिवशी ४२ ऐवजी १०च युनिट मिळाली आणि बोट अडीच नॉटपर्यंत हळू केली, तर दिवसाची तूट ९ युनिटांच्या आसपास येते. म्हणजे असे दोन दिवस निघू शकतात. या बॅटरीचे वजन ५०० ते ६०० किलो भरेल. तिसऱ्या-चौथ्या ढगाळ दिवसासाठी आणखी बॅटरी घेण्यापेक्षा त्या दिवशी थांबण्याची मानसिक तयारी ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण जादा बॅटरीचे वजन उरलेले सगळे दिवस ओढावे लागते.

संपूर्ण विद्युतव्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागावी. डाव्या तळातील बॅटरी डाव्या मोटारीला आणि उजव्या तळातील उजव्या मोटारीला वीज देईल, आणि गरज पडल्यास हाताने स्विच फिरवून अदलाबदल करता येईल, अशी जोडणी असावी. लिथियम बॅटरीचे नियंत्रक सर्किट धोका दिसताच पूर्वसूचना न देता वीज तोडते. ते तसे करणारच, हे धरून चालावे. त्या क्षणी रेडिओ, दिवे आणि सुकाणू बंद पडू नयेत म्हणून त्यांना वेगळी लहान बॅटरी द्यावी. व्होल्टेज ४८च्या आसपास ठेवले, तर ओल्या हातांनी दुरुस्ती करताना धोका कमी राहतो. त्याबदल्यात तारा जाड लागतात. प्रत्येक जोड खाऱ्या हवेपासून सील केलेला असावा. सुटे कनेक्टर, फ्यूज, एक जादा चार्ज कंट्रोलर आणि एक जादा मोटार कंट्रोलर सोबत असलेच पाहिजेत.

मोटार, प्रॉपेलर आणि सुकाणू

मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा प्रॉपेलर लहान आणि वेगाने फिरणाऱ्या प्रॉपेलरपेक्षा कमी विजेत अधिक काम देतो. तो पुरेसा खोल असावा, नाही तर लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलला गेला की तो हवेत फिरून वीज फुकट घालवतो. 'प्लॅनेटसोलर'ला सुरुवातीला पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धे बुडालेले प्रॉपेलर होते. पृथ्वीप्रदक्षिणेनंतर ते बदलून पूर्ण बुडालेले बसवले. २०१३ मध्ये तिने लास पाल्मास ते कॅरिबियनमधील सेंट मार्टिन हे अंतर सुमारे साडेबावीस दिवसांत पार केले आणि २०१० मधील स्वतःचाच विक्रम चार दिवसांहून अधिक फरकाने मोडला. या सुधारणेचा मोठा भाग मी नव्या प्रॉपेलरच्या आणि ऋतूच्या खात्यावर टाकेन.

सुकाणूकडे सहसा उपेक्षेने पाहिले जाते. अमेरिकेतील डेमन मॅकमिलन यांनी घरी बांधलेली 'सीचार्जर' ही जेमतेम अडीच मीटरची, शंभर-शंभर वॅटच्या दोन पॅनेलांवर चालणारी मानवरहित बोट २०१६ मध्ये ४१ दिवसांत कॅलिफोर्नियाहून हवाईला पोहोचली. पुढे न्यूझीलंडकडे जाताना मात्र तिचे सुकाणू निकामी झाले आणि प्रवास तिथेच संपला. पॅनेले आणि मोटार तोवर टिकली होती. स्वयंचलित सुकाणू दिवसाकाठी हजारो वेळा वळवळते, म्हणून त्याचा एक संपूर्ण जादा संच आणि हाताने बसवता येणारा आणीबाणीचा दांडा सोबत असावा.

ऋतू आणि मार्ग

कॅनरी बेटांच्या दक्षिणेला ईशान्य व्यापारी वारे आणि त्यांच्यासोबत पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह, असे दोन्ही आपल्या पाठीशी असतात. उत्तर अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. त्यामुळे शिडाच्या बहुतेक बोटी नोव्हेंबरअखेर ते जानेवारीत निघतात. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे, कारण तेव्हा वारे स्थिरावलेले असतात. सौरबोटीने मात्र वाऱ्याबरोबर सूर्याचाही विचार करायचा असतो. जानेवारीच्या सुरुवातीला १५ अंश उत्तर अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५२ अंशांवरच चढतो. मेच्या मध्यावर तो त्याच अक्षांशावर जवळपास डोक्यावर असतो आणि दिवसही दीड तासाने मोठा असतो. आकाश सारखेच स्वच्छ धरले, तर आडव्या पॅनेलांना मे महिन्यात सुमारे एक तृतीयांश अधिक वीज मिळते. 'प्लॅनेटसोलर'ने २०१३ मध्ये एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ वापरला होता. माझ्या मते सौरबोटीसाठी मार्चअखेर ते एप्रिलअखेर या काळात निघणे सर्वांत योग्य आहे, म्हणजे वेळ चुकली तरी जूनच्या आधी पलीकडे पोहोचता येते.

या काळाचा एक तोटाही आहे. २०११ पासून अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात सरगॅसम या तरंगत्या तपकिरी शेवाळाचे प्रमाण फार वाढले आहे, आणि वसंतापासून पुढे कॅरिबियनच्या बाजूला त्याचे लांबच लांब पट्टे भेटतात. शिडाची बोट त्यातून निघून जाते, पण सावकाश फिरणाऱ्या प्रॉपेलरभोवती ते गुंडाळले की मोटारीचा वीजवापर वाढतो आणि वेग पडतो. वेग तोच असताना वापर अचानक चढलेला दिसला, तर प्रथम शेवाळाचाच संशय घ्यावा. प्रॉपेलर काही सेकंद उलटा फिरवल्यास बहुतेक वेळा ते सुटते. वर उचलून घेता येणारी मोटार असेल, तर ते काम पाण्यात न उतरता होते, आणि खोल समुद्रात पाण्यात उतरण्याची वेळ जितकी टळेल तितकी बरी.

पहिल्या प्रवासासाठी केप व्हर्देमधील मिंडेलो बंदरापर्यंत आधी जाऊन तिथून ओलांडणे मला अधिक पसंत आहे. तिथून उरलेले अंतर सुमारे २१०० सागरी मैल राहते. शिवाय कॅनरी ते मिंडेलो या टप्प्यात बोटीचे सगळे दोष उघडे पडतात आणि ते दुरुस्त करायला बंदर मिळते. या पट्ट्यात सहारा वाळवंटातील धूळ वाऱ्यासोबत समुद्रावर येते आणि पॅनेलांवर तिचा तांबूस थर बसतो. तो थर आणि मिठाचा थर गोड्या पाण्याने रोज धुवायचा असतो, तेवढे पाणी यंत्रातून काढायची वीज हिशेबात धरावी. पाणी वाचवायचे असेल, तर पहाटेच्या दवावर ओले फडके फिरवले तरी बरेच काम भागते. मार्ग १० अंश अक्षांशाच्या खाली जाऊ देऊ नये. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात वारा पडतो, ढग दाटतात आणि सौरबोटीचे दोन्ही आधार एकदमच जातात.

किनाऱ्यावरच्या चाचण्या

बोट पाण्यात उतरल्यावर पहिले काम म्हणजे वेग आणि शक्तीचा तक्ता बनवणे. वारा पडलेल्या सकाळी, दोन्ही दिशांना तेच अंतर कापून, २ नॉटपासून अर्ध्या-अर्ध्या नॉटने वाढवत प्रत्येक वेगाला लागणारे किलोवॅट लिहून घ्यावेत. मग पूर्ण भरलेल्या सामानासह तीच चाचणी पुन्हा करावी. वर दिलेली २ किलोवॅटची बोट उदाहरणापुरती आहे, तुमचा प्रवास तुमच्याच तक्त्यावर आखायचा आहे.

दुसरी चाचणी सलग तीन दिवसरात्रींची असावी. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचा मुंबई ते गोवा हा मार्ग उत्तम आहे, कारण सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैलांचे हे अंतर सौरबोटीला जवळपास तेवढाच वेळ घेते. दुपारनंतर वायव्येकडून येणारा खारा वारा जाताना पाठीवर असतो आणि परतताना तोंडावर. परतीचा प्रवास म्हणूनच जास्त शिकवतो. छताची उंची कमी करायला हवी होती का, याचे उत्तर देवगड ते रत्नागिरी या पट्ट्यात मिळून जाते. रात्री मच्छीमारांची जाळी टाळण्यासाठी किनाऱ्यापासून पुरेसे बाहेर राहावे, आणि निघण्याआधी स्थानिक तांडेलांना जाळ्यांच्या जागा विचाराव्यात. त्यांच्याइतकी अचूक माहिती कोणत्याही नकाशात नसते.

समुद्रावरचा दिनक्रम

रोज एका ठरलेल्या वेळी, शक्यतो सूर्योदयाला, बॅटरीतील शिल्लक, मागील दिवसाची मिळकत, खर्च आणि कापलेले मैल वहीत लिहावेत. सूर्योदयाची शिल्लक हीच खरी शिल्लक असते, कारण संध्याकाळचा भरलेला आकडा सुखद आणि फसवा असतो. शिल्लक सलग दोन दिवस घटली, तर वेग पाव नॉटने कमी करावा आणि तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

वीज खाणारी कामे अकरा ते दोनच्या दरम्यान उरकावीत. त्याच वेळेत पाणी गोडे करावे, कुकर लावावा आणि उपकरणे चार्ज करावीत. चार-पाच माणसांना दिवसाला २५ लिटर पाणी पुरते, आणि ऊर्जा परत मिळवणाऱ्या चांगल्या यंत्रावर त्याला पाव युनिटही लागत नाही. यंत्र बिघडले तर पाण्याचा साठा मात्र वेगळा हवा, तो माणशी रोज तीन लिटर आणि प्रवासाच्या अंदाजापेक्षा दहा दिवस अधिक असा धरावा. स्वयंपाकासाठी विजेच्या शेगडीवर डाळ-तांदळाची खिचडी, उकडलेले बटाटे, उसळी हे सगळे सहज होते. सलग ढगाळ दिवसांत शेगडी बंद ठेवायची असल्याने चिवडा, भाजलेले पोहे, दाण्याचे लाडू असे न शिजवता खाण्याचे जिन्नस आठवडाभराचे तरी सोबत असावेत.

रात्रपाळी कधीही सुटता कामा नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सौरबोट ही यंत्रावर चालणारी बोटच असते. ती आवाज करत नाही किंवा धूर सोडत नाही म्हणून तिला सवलत मिळत नाही. शिडाच्या आणि मासेमारी करणाऱ्या बोटींना तिने वाट द्यायची असते. १४ मीटरच्या बोटीला रात्री पुढचा पांढरा, बाजूचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा, असे सगळे दिवे लावावे लागतात. जहाजांना आपली ओळख आणि जागा कळवणारे एआयएस यंत्र चोवीस तास चालू ठेवावे. त्याला काही वॅटच लागतात, आणि तिथे वीज वाचवणे हा अविचार आहे. उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारा ईपर्ब, जीवरक्षक तराफा, प्रत्येकासाठी कमरपट्टा व दोर, आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हातातला रेडिओ, यांवर चर्चा करण्याचेही कारण नाही.

वादळी पावसाच्या सरी, विशेषतः मार्गाच्या पश्चिम अर्ध्यात आणि रात्री, अचानक येतात. सर दिसताच वेग कमी करावा, छतावरची सैल वस्तू आत घ्यावी आणि वारा पाठीवर घेऊन सर निघून जाऊ द्यावी. वारा फारच वाढला, तर पाण्यात मागे ओढायचा शंकूच्या आकाराचा समुद्री नांगर सोडून बोट सरळ ठेवावी. वीज कडकडत असेल, तर एक हातातला जीपीएस आणि रेडिओ लोखंडी पेटीत किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवून द्यावेत.

दोन्ही मोटारी बंद पडल्या तरी वारा आणि प्रवाह बोटीला हळूहळू पश्चिमेकडेच नेतात, हा या मार्गाचा सर्वांत मोठा गुण आहे. तरीही गुंडाळून ठेवलेले एक लहान शीड आणि मोडून ठेवता येणारा खांब सोबत असावा, असे माझे ठाम मत आहे. 'केवळ सूर्यावर' हा शिक्का टिकवण्यासाठी ते मागे ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या सोबत्यांना विचारावे.

पलीकडच्या किनाऱ्याला लागताना

शेवटच्या दोनशे मैलांत घाई होते, आणि बॅटरी तेव्हाच रिकामी केली जाते. नेमके उलट करावे. बेट दिसण्याआधी दोन दिवस वेग कमी करून बॅटरी साठ टक्क्यांच्या वर ठेवावी, कारण किनाऱ्याजवळ बोट मागे घेणे, वळवणे आणि आडव्या प्रवाहातून बाहेर काढणे यांसाठी जोराची वीज एकदम लागते. मार्टिनिकची पूर्व बाजू प्रवाळाच्या खडकांची आहे, तिच्यापासून दूर राहून दक्षिणेकडून वळसा घालावा. तिथल्या ल मारँ बंदराच्या वाटेवरही उथळ जागा आहेत. तिथे सूर्य उंच किंवा पाठीमागे असताना शिरावे, म्हणजे पाण्याच्या रंगावरून खडक ओळखता येतात. संध्याकाळी पोहोचलात, तर रात्र बाहेर मोकळ्या पाण्यात काढावी.

बंदरात शिरताना पिवळा झेंडा लावावा आणि प्रवेशाची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत कप्तानाखेरीज कोणी उतरू नये. मार्टिनिकमध्ये फ्रान्सप्रमाणे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज मिळते, त्यामुळे भारतीय चार्जर तिथे चालतो. तिथून पुढे पोर्तो रिकोसारख्या १२० व्होल्टच्या बेटांकडे जायचे असेल, तर जेटीची तार जोडण्याआधी चार्जरवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा वाचून घ्यावी.